चौऱ्याऐंशी मिलिलिटर

टेस्टरबाई कामाला लागल्या की कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर सगळ्यांना ऐकू जायचं. लांब पांढऱ्या ओट्यावर तीस कप मांडलेले असत. प्रत्येकात तोलून तेवढीच पत्ती, वरून उकळतं पाणी, झाकण, आणि घड्याळ लावून पाच मिनिटं. मग चहा वाडग्यांत गाळला जायचा आणि बाई एका टोकाला चमचा घेऊन उभ्या राहायच्या. चमचा ओठांशी न्यायचा आणि चहा फुर्रकन असा ओढायचा की तो तोंडभर उडाला पाहिजे. टाळूला, जिभेच्या कडांना, पार नाकामागे. एक क्षण थांबायचं. मग चाकं लावलेल्या कमरेएवढ्या पिकदाणीत थुंकायचं, पायाने पिकदाणी पुढे सरकवायची, पुढचा कप. पलीकडच्या खोलीतला हिशेबनीस मान वर न करता म्हणायचा, "जीभ आली वाटतं."

दिवसाला असे सहा ओटे, म्हणजे एकशे ऐंशी कप. गेली सव्वीस वर्षं कंपनीच्या प्रत्येक पुड्याची चव बाईंच्या तोंडातून गेली होती.

आणि तीन वर्षांपूर्वी बाई मॉर्मन झाल्या होत्या. मॉर्मन हा अमेरिकेतून आलेला एक ख्रिस्ती पंथ, आणि त्या लोकांना चहा वर्ज्य आहे.

हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हटकून हसायचा. बाई त्याला पोटभर हसू द्यायच्या आणि मग सांगायच्या, "मी पीत नाही. मी चव घेते आणि थुंकते. मी विचारून घेतलंय."

त्यांनी खरंच विचारून घेतलं होतं. नवरा जाऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. लेक कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती आणि मायलेकी घरात एकमेकींच्या वाटेत येऊ नये अशा बेताने वावरत होत्या. बसथांब्यावर लेकीला पंथाच्या दोन प्रचारक मुली भेटल्या, छातीवर नावाची काळी पाटी लावलेल्या, गुडघ्याखालपर्यंत स्कर्ट घातलेल्या. त्या दर मंगळवारी घरी यायला लागल्या. यायच्या, ऐकून घ्यायच्या, जाताना भांडी घासून जायच्या. त्यांनी सांगितलं की कुटुंब मरणापाशी संपत नाही. मंदिरात नवरा-बायको, आई-बाप आणि मुलं कायमची एकत्र बांधली जातात, गेलेला माणूससुद्धा. अकरा महिन्यांपूर्वी विधवा झालेल्या बाईला याहून वेगळं काही सांगावं लागत नाही.

नियमांच्या मंगळवारी चहाचा विषय निघाला तेव्हा बाईंनी आपलं काम समजावून सांगितलं. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांनी बिशपला फोन लावला. या पंथात पगारी धर्मगुरू नसतो. मंडळीतल्याच एखाद्या गृहस्थाला पाच-सात वर्षं बिशप नेमतात आणि तो आपला धंदा सांभाळून ते काम बघतो. तेव्हाचा बिशप चष्म्याच्या दुकानाचा मालक होता. मागे गिऱ्हाइकाची बडबड ऐकू येत होती. तो म्हणाला, "थुंकता ना? मग पीत नाही. झालं." आणि फोन ठेवला.

म्हणून मायलेकी दोघींनी बाप्तिस्मा घेतला. बाईंनी घरातला चहा बंद केला आणि कामावरचा चालू ठेवला.

कुणी त्यांना फसवलं नव्हतं, हे त्या नंतरही सांगायच्या. विचारलं त्याचं उत्तर प्रत्येक वेळी खरं मिळालं. पगाराचा दहावा हिस्सा द्यायचा, रविवारी काम करायचं नाही, हे आधीच सांगितलं होतं. पण काय काय विचारायला हवं होतं, हे आधी कुठे माहीत असतं? धाकटी बहीण दर शनिवारी चहाला यायची, ती "तुझ्याकडे आता गरम पाणी मिळतं" असं म्हणत हळूहळू यायची थांबली. रविवारी मंडळीतल्या दीड ते तीन वर्षांच्या अकरा पोरांना सांभाळायचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. तिथे काम मागायचं नसतं, ते दिलं जातं, आणि नाही म्हणायची रीत नाही. ऑफिसात पाच वाजता सगळे खिडकीपाशी कप घेऊन उभे राहायचे, तिथे उभं राहून काय करायचं हे बाईंना कळेना, म्हणून त्या जागेवरच बसू लागल्या. एकेक गोष्ट नखाएवढी होती. तक्रार करावी इतकी मोठी एकही नव्हती.

मोठी गोष्ट लेकीचं लग्न ठरल्यावर कळली.

खरं तर नियम त्यांना माहीत होता. मंदिर आठ तासांवरच्या शहरात होतं आणि त्यात फक्त प्रवेशपत्र असलेले सभासद जाऊ शकत. बाईंना पहिल्या वर्षानंतर ते पत्र मिळालं होतं. त्या जाऊन आल्या होत्या, नवऱ्याशी विधिपूर्वक बांधल्या गेल्या होत्या आणि येताना बसमध्ये आठही तास शांत झोपल्या होत्या. नियम माहीत होता, पण तो लग्नाला लावून पाहिला नव्हता. जावयाचं घर तीन पिढ्यांचं मॉर्मन. त्यांच्याकडचे तेवीस लोक आत जाणार होते.

"आणि आपल्याकडचे?" धाकट्या बहिणीने विचारलं. ती मुद्दाम बोलावली म्हणून आली होती.

"मी."

"मी मावशी आहे तिची. आठ दिवसांची होती तेव्हा अंघोळ मी घातली तिला, तू तापाने फणफणली होतीस. आणि मी लग्नाच्या दिवशी बाहेर बसू? चपला सांभाळायला?"

"तिथे बसायला चांगली खोली आहे गं. सोफे आहेत."

"सोफे आहेत म्हणे!" बहीण आपल्या मुलीकडे वळली. "ऐकलंस? सोफे आहेत."

बहिणीची मुलगी बाईंच्याच कंपनीत प्रयोगशाळेत केमिस्ट होती. ती म्हणाली, "आदल्या दिवशी नोंदणी कचेरीत लग्न करू दे ना, मावशी. आम्ही सगळे तिथे येऊ. दुसऱ्या दिवशी मंदिर."

हे चालत होतं. पूर्वी तसं केलं तर मंदिरासाठी वर्षभर थांबावं लागायचं, आता लागत नव्हतं. लेकीने सासरी विचारून पाहिलं. सासूबाई रागावल्या नाहीत. त्या कधीच रागावत नसत. त्या म्हणाल्या, "कर की, बेटा. फक्त मग आमच्या घरातलं मंदिराबाहेर झालेलं पहिलं लग्न तुझं असेल." लेकीने पुन्हा विचारलं नाही.

म्हणजे मुलीच्या बाजूने एकटी आई. आणि आईच्या प्रवेशपत्राची मुदत लग्नाच्या आधीच्या महिन्यात संपत होती.

ते पत्र दर दोन वर्षांनी नवं करायचं असतं. आधी बिशप मुलाखत घेतो, मग त्याच्या वरचा एक जण. प्रश्न ठरलेले असतात, उत्तरं हो किंवा नाही. चष्मेवाल्याची मुदत संपून आता गणिताचे एक शिक्षक बिशप झाले होते. त्यांना मंडळीतही सगळे सरच म्हणायचे. सर सज्जन होते. रविवारी बाईंच्या अकरा पोरांपैकी दोन त्यांचीच असायची.

सरांनी एकेक प्रश्न विचारला, बाईंनी एकेक हो दिलं. खाण्यापिण्याच्या नियमाचा प्रश्न आला तेव्हा सर थांबले.

"सिस्टर, तुमच्या कामाबद्दल मला चष्मेवाल्या ब्रदरनी सांगून ठेवलंय. तुम्ही थुंकता."

"थुंकते."

"सगळं?"

"हो, सगळं."

"मग प्रश्नच नाही," सर म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं.

इथे बाईंनी गप्प राहायचं होतं. नंतर त्यांना हे तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. पण सव्वीस वर्षं त्यांचं काम एकच होतं: तोंडात आहे ते नेमकं सांगणं. 'सगळं' हा शब्द तोंडातून गेला आणि तो त्यांना खटकला.

"म्हणजे सगळं असं मी म्हणतेय," बाई म्हणाल्या. "थेंबभर राहत असेल. मी कधी मोजलं नाही."

सरांनी पेन तसंच हवेत धरलं. "थेंबभराचं देवाला काही नाही."

"पण थेंब एकशे ऐंशी कपांचे. मी मोजून सांगते ना तुम्हाला. दोन आठवड्यांनी सांगते."

"सिस्टर, मी मोजायला सांगत नाहीये."

"नाही, पण मोजता येतं," बाई म्हणाल्या.

सरांनी पत्रावर सही केली नाही. त्यांना घाई नव्हती, आणि गणित शिकवणारा माणूस मोजून सांगते म्हणणारीला अडवणार तरी कसा?

भाचीने ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मावशी, तो माणूस सही करत होता. पेन हातात होतं त्याच्या!"

"मोजता येईल की नाही ते सांग."

येणारच होतं. भाचीला असल्या गोष्टीत रस नसणं शक्यच नव्हतं. नुसतं वजन करून उपयोग नाही, ती म्हणाली, कारण थुंकीत लाळ मिसळते. आठ ग्रॅम चहा तोंडात घेतला तर नऊ ग्रॅम बाहेर येईल आणि मावशीने चहा निर्माण केला असं सिद्ध होईल. रंगावरही भरवसा नाही, कारण चहाचा तुरटपणा जिभेलाच चिकटून बसतो. कॅफीन मोजू. ते फारसं कशाला चिकटत नाही, आणि ते मोजायचं यंत्र प्रयोगशाळेत रोजच चालायचं. चमच्यातून किती कॅफीन आत गेलं, थुंकीतून किती परत आलं; जे आलं नाही ते पोटात.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दोघींनी ओटा मांडला. तीस कप, तीस रिकाम्या बाटल्या. कोणता नमुना कुठे आहे हे बाईंना कळू नये म्हणून भाचीने कपांवर नुसते आकडे टाकले होते आणि क्रम चिठ्ठ्या उचलून लावला होता. चमच्यात पिपेटने मोजून आठ मिलिलिटर.

"नेहमीसारखंच कर हं. देवाला दाखवायला म्हणून जास्त थुंकू नकोस."

"गप्प बस आणि बाटली धर."

फुर्र, थू. फुर्र, थू. हिशेबनीस दारात येऊन उभा राहिला, बाटल्यांकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेला.

आकडे सोमवारी आले. भाची कागद घेऊन आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"पंचवीस कपांत तीन टक्के राहतंय. म्हणजे चमच्यातला पाव मिलिलिटर. कुणाच्याही तोंडात एवढं राहीलच."

"मग?"

"उरलेले पाच." तिने कागद फिरवून पुढे केला. पंचवीस ठिपके खाली एका रेषेत बसले होते आणि पाच ठिपके वर, वेगळेच, तरंगत होते. "या पाचांत वीस टक्के. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय. बाटली सांडली असेल, यंत्र बिघडलं असेल. म्हणून नमुने पुन्हा चालवले. तेच आलं."

"कोणते पाच?"

भाचीने आकडे वाचून दाखवले. मग कोणत्या आकड्याखाली कोणता नमुना होता ते सांगितलं. पाचही नमुने डोंगरावरच्या एकाच मळ्याचे होते, हंगामातल्या पहिल्या खुडीचे. बाईंनी स्वतः महिन्यापूर्वी त्या मालाला कंपनीतले सर्वात जास्त गुण दिले होते.

बाईंनी वरच्या पाच ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"चांगला लागला की मी गिळते," त्या म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"नाही गं." त्या पुन्हा ठिपक्यांकडे बघू लागल्या. "म्हणजे, आता विचारतेयस तर... नाही. खरंच नाही."

"दिवसाचं गणित मी केलंय. नको सांगू?"

"सांग."

"दिवसाच्या एकशे ऐंशीत असले चांगले तीस धर. चौऱ्याऐंशी मिलिलिटर. आपल्या कँटीनमधला छोटा कप नव्वदचा आहे." भाचीने कागदाची घडी घातली. "मावशी, हा कागद मी फाडू शकते. आपण दोघी सोडून कुणाला माहीत नाही. तू जाऊन त्याला सांग, थेंबभर. तो सही करायला टपलाय."

"पुन्हा विचारलं तर?"

"विचारणार नाही तो! तूच सांगतेस ना, उत्तरं हो किंवा नाही असतात म्हणून?"

"हो ना," बाई म्हणाल्या. "तेच तर."

लेकीला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. लेक स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"तुला मोजायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"आई, लोक तिथे जाऊन काय काय लपवतात तुला कल्पना आहे? माझ्या सासऱ्यांचे भाऊ..." ती थांबली. "आणि तू चहा मोजत बसलीस. थुंकलेला चहा!"

"खोटं बोलायचं नाही हाही प्रश्न आहे त्या यादीत. तोही हो-नाहीचाच आहे."

"मला माहीत आहे यादी." लेकीने पुन्हा सुरी घेतली आणि पुन्हा ठेवली. "बरं. मग आता गिळू नकोस. संपलं. आजपासून लक्ष ठेवायचं. सरांना सांग, चुकून होत होतं, कळलं, थांबवलं. माफी असतेच ना."

हे बाईंनाही सुचलं होतं. त्या दिवसभर तेच करून बघत होत्या. प्रत्येक चमचा तोंडात असताना घशावर पहारा ठेवायचा. त्या दिवशी त्यांनी चौदा नमुन्यांचे गुण चुकवले. दोन साफ शिळे नमुने पास केले; पॅकिंगच्या मुकादमाने वास घेऊनच ते परत पाठवले. तो बाईंना म्हणाला, "बाई, सर्दी झालीय का?" सव्वीस वर्षांत त्याने पहिल्यांदा त्यांचा माल परत पाठवला होता.

"घशाकडे लक्ष ठेवलं की जीभ काम करत नाही," त्यांनी लेकीला सांगितलं.

"मग काम बदल. तुमच्याकडे ते फुलापाल्याचे काढे बनवतात ना, बिनचहाचे? तिकडे जा. ते आपल्यात चालतात."

"तिकडे दोन मुली आहेत, पुड्यांना लेबलं लावतात."

"मग लाव लेबलं!" लेक ओरडली. मग एकदम आवाज उतरवून म्हणाली, "चार महिने, आई. लग्नापुरतं. मी आत जाईन आणि माझ्या बाजूच्या खुर्च्यांवर त्यांच्याच काकू बसवाव्या लागतील, रिकामं दिसू नये म्हणून. बाबा नाहीत. मावशीला येऊ देत नाहीत. तू तरी हवीस ना."

बाईंनी रात्रभर नाही, पण दुसऱ्या दिवशीची पूर्ण सकाळ त्यावर विचार केला. व्यवस्थापकाकडे जाऊन विचारलंसुद्धा. तो घाबरला. चार महिने जीभ बंद राहिली तर नंतर तिच्यावर भरवसा कोण ठेवणार? तो म्हणाला, "बाई, गवयाने चार महिने गप्प बसावं तसं आहे हे. तुम्ही जा हवं तर, पण मला दुसरा माणूस घ्यावा लागेल, आणि घेतलेला माणूस मला काढता येणार नाही."

तेवढंच असतं तर त्या कदाचित लेबलं लावायला गेल्याही असत्या. लेकीसाठी याहून अवघड गोष्टी केल्या होत्या. पण ते पाच ठिपके डोळ्यांसमोरून जात नव्हते. तीन वर्षं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की मी चहा सोडला. बहिणीला सांगितलं, त्यापायी तिचे शनिवार घालवले. खिडकीपाशी उभं राहणं सोडलं. आणि त्या सगळ्या दिवसांत त्यांचा गळा, त्यांना न विचारता, चांगला चहा ओळखून आपला वाटा काढून घेत होता. त्यांना याची लाज वाटायला हवी होती. त्यांनी नीट तपासून बघितलं. लाज फारशी सापडत नव्हती. मग पत्र घेण्यापुरतं चार महिने लेबलं लावणं म्हणजे काय होईल? तेही एक तोंडदेखलं 'सगळं'च.

रविवारी सरांसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं, मळ्यासकट. सरांनी कागद मागून घेतला आणि आलेख बघितला. 

"मांडणी चांगली आहे," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसायला लागले. "सिस्टर, मी वर विचारलं होतं, नाव न सांगता. ते म्हणाले, हे बिशपने आणि त्या सिस्टरने ठरवायचं. मी ठरवायचं म्हटलं तर मी सही करतो. तुमच्या मुलीचं लग्न आहे. मी फक्त तोच प्रश्न पुन्हा विचारणार, तुम्ही हो म्हणा. मी या कागदाबद्दल विचारत नाही."

"विचारा."

त्यांनी विचारला. खाण्यापिण्याचा नियम तुम्ही पाळता का?

बाहेरच्या खोलीत अकरा पोरांचा गोंगाट चालला होता. आज त्यांना कुणीतरी दुसरं सांभाळत होतं आणि ते नीट जमत नव्हतं.

"नाही," बाई म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. ते रागावलेले दिसले नाहीत, दमलेले दिसले. "रविवारी येणं थांबवू नका," ते म्हणाले. "पत्र फक्त मंदिरासाठी असतं."

"पोरं कोण बघणार मी नाही आले तर?" बाई म्हणाल्या आणि गोंगाटाकडे गेल्या.

लेक दोन आठवडे बोलली नाही. बोलली तेव्हा साडीचोळीचं किंवा दागिन्यांचं नाही, बसच्या तिकिटांचं बोलली: तुझं, मावशीचं आणि तिच्या मुलीचं काढलंय, खिडकीजवळची मिळाली नाहीत.

मंदिर पांढरं होतं, भोवती कापलेली हिरवळ, आणि माणसांच्या मानाने फारच स्वच्छ. लेक सासरच्या तेवीस जणांबरोबर काचेच्या दारातून आत गेली. दारातल्या म्हाताऱ्या गृहस्थाने एकेकाचं पत्र बघितलं. जाताना लेकीने मागे वळून बघितलं, पण मधे एक उंच काका होता.

थांबायच्या खोलीत सोफे खरंच होते. बहिणीने एक दाबून बघितला. "चांगले आहेत," ती म्हणाली. ती असं म्हणाली म्हणजे तिने माफ केलं होतं.

कोपऱ्यात एक इलेक्ट्रिशियन बसला होता, जावयाचा चुलतमामा. त्याने बारा वर्षांपूर्वी पंथ सोडला होता. "माझं हे चौथं लग्न," तो म्हणाला आणि भाचीने चमकून बघितल्यावर, "बाहेर बसायचं. पंचवीस मिनिटं लागतात. तो पंखा बघा, तो आवाज करतो. दर वेळी सांगतो यांना, मी आलोच आहे तर काढून देतो दुरुस्त करून. ऐकत नाहीत."

बहीण म्हणाली, "ताई, तू तर आत जाऊन आलीयस. आता काय चाललं असेल?"

"सगळं सांगायचं नसतं."

"सगळं नको सांगू."

बाईंनी विचार करून बघितलं, काय सांगितलेलं चालतं. "खोलीत समोरासमोर दोन मोठे आरसे असतात. मधे ती दोघं. वळून बघितलं की एकात दुसरा, दुसऱ्यात पहिला, असे आत आत दिसत जातात. संपतच नाहीत."

"संपतात," भाची म्हणाली. "काच थोडा उजेड खाते. दर वेळी हिरवट होत जातं आणि मग दिसेनासं होतं."

"तू गप्प बस गं," तिची आई म्हणाली. बाई मात्र हसल्या. त्या स्वतः तिथे उभ्या होत्या तेव्हा त्यांनाही दूरची माणसं हिरवट दिसली होती. त्यांना वाटलं होतं डोळ्यांत पाणी आल्यामुळे.

सव्वीस मिनिटांनी लोक बाहेर यायला लागले. विहीणबाई आधी आल्या. त्यांनी बाईंना घट्ट मिठी मारली. "किती सुंदर झालं! तुम्ही हव्या होत्या."

"आवाज कसा लागला तिचा?" बाईंनी विचारलं.

"आवाज?"

"हो म्हणाली तेव्हा. बारीक निघाला की मोकळा? लगेच म्हणाली?"

विहीणबाईंनी आठवून बघितलं. त्यांना खरंच सांगायचं होतं. "म्हणाली हो," त्या शेवटी म्हणाल्या. "छान म्हणाली."

बाहेर पायऱ्यांवर फोटोवाला वैतागला होता, कारण ऊन चढत होतं. तो भाड्याने आणलेला होता, त्याला या लोकांचं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की अशा लग्नांत दारातून बाहेर येतानाचा फोटो लागतो. त्याने जोडप्याला दारात उभं केलं. मागे जावयाचे आईवडील. मग त्याने खाली बघून हाक मारली, "मुलीची आई कोण? तुम्ही का? या वर, बाई. यांच्या मागून बाहेर यायचं, हसत हसत."

बाई खालच्या पायरीवर बहीण आणि भाचीजवळ उभ्या होत्या. 

"मी आत नव्हते," बाई म्हणाल्या.

"हो, पण फोटोत कुठे कळणार?"

"अहो, या ना," विहीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नुसती माया होती. "फोटोच तर आहे. पुढे मुलांना दाखवायला बरा. दारापर्यंत यायला कुणाची ना नाही."

लेक दारात उभी होती. आईकडे बघत होती. चेहऱ्यावर तोच भाव होता जो स्वयंपाकघरात सुरी खाली ठेवताना होता. ये ना, असं ती म्हणाली नाही, पण तिने एक हात थोडा पुढे केला होता.

बाई एक पायरी चढल्या. मग परत खाली उतरल्या.

"मी इथे उभी होते," त्या फोटोवाल्याला म्हणाल्या. "माझा फोटो इथे काढा."

 फोटोवाल्याने आकाशाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. लेकीचा हात अजून तसाच होता. तिने तो खाली घेतला, दोन्ही हातांनी झगा उचलला आणि एकेक पायरी उतरायला लागली. जावई क्षणभर गोंधळला आणि तिच्या मागे आला. ती येऊन आईच्या आणि मावशीच्या मधे घुसली, तिथे जागा नव्हती तरी.

"खालीच काढा," ती फोटोवाल्याला म्हणाली. "सगळ्यांना खाली घ्या." मग आईच्या कानाशी, अजून रागातच, "आवाज फुटला नाही आधी. दोनदा म्हणावं लागलं."

"बारीक की मोकळा?"

"पहिला बारीक," लेक म्हणाली. "दुसरा ठीक होता."

तेवीस माणसं पायऱ्या उतरून येईपर्यंत ऊन अगदी समोर आलं. त्या फोटोत सगळ्यांचे डोळे बारीक झालेले आहेत, इलेक्ट्रिशियन अर्धा कापला गेला आहे, आणि दार कुठेच दिसत नाही.